ओव्हरक्लॉक केलेल्या प्रोसेसरचं व्होल्टेज घसरतं तेव्हा काय करायचं

बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर, १.३० व्होल्ट भरले, विंडोज सुरू झाल्यावर १.२९ दिसले, आणि सिनेबेंच ही प्रोसेसरवर पूर्ण लोड टाकणारी चाचणी चालू करताच आकडा थेट १.१५ च्या आसपास आला. ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, नव्याने हात घालणारा जवळजवळ प्रत्येक जण इथे अडतो. गोव्यात तर पहिला संशय घरच्या विजेवर जातो, कारण पावसाळ्यात दिवे मंद होणं आपल्याला नवीन नाही. मग कुणी स्टॅबिलायझर आणायला निघतो, तर कुणी बायोसमध्ये जाऊन सरळ १.४५ व्होल्ट ठोकून देतो. पहिल्या उपायात पैसे वाया जातात, दुसऱ्यात प्रोसेसर.

त्या टप्प्यावर असलेल्यांसाठी हे लिहितोय. बायोसमधला आकडा ही फक्त सुरुवात असते. पूर्ण लोडखाली किती व्होल्ट उरतात ते धरून चाला आणि थोडी घसरण राहू द्या. खालच्या सगळ्या पायऱ्या याच विचारावर बेतलेल्या आहेत.

घसरण येते कुठून

प्रोसेसरला लागणारा एक-सव्वा व्होल्ट एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, येत नाही. एसएमपीएस बारा व्होल्ट देतो. ते मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यातल्या आठ पिनांच्या कनेक्टरमधून आत शिरतात आणि सॉकेटला लागून असलेलं व्हीआरएम (व्होल्टेज नियंत्रित करणारं सर्किट) ते खाली उतरवतं. व्होल्टेज दहा पटींनी उतरलं की प्रवाह साधारण तितकाच वाढतो. आजच्या डेस्कटॉप प्रोसेसरला पूर्ण लोडखाली शंभर-दीडशे अँपिअर सहज लागतात, आणि इतक्या प्रवाहापुढे एका मिलिओहमचा रोधसुद्धा जाणवतो. शाळेत शिकलेला ओहमचा नियमच आहे हा: प्रवाह गुणिले रोध म्हणजे व्होल्टेजची घट. विहिरीवरचा पंप सुरू झाला की घरातला बल्ब मंदावतो, त्यातलाच प्रकार.

फरक एवढाच की इथला बराचसा रोध तारेत किंवा तांब्यात नसतो. व्हीआरएमच्या कंट्रोलरला मुद्दाम सांगितलेलं असतं, की प्रवाह वाढेल तसं व्होल्टेज ठरावीक उताराने खाली घे. या उताराला लोडलाइन म्हणतात आणि त्यामुळे होणाऱ्या घसरणीला व्हीड्रूप. इंटेलच्या बाराव्या पिढीतल्या १२५ वॉटच्या ‘के’ प्रोसेसरांसाठी हा उतार १.१ मिलिओहम ठरवलेला आहे. १४० अँपिअर गुणिले १.१ मिलिओहम म्हणजे ०.१५४ व्होल्ट. १.३० मधून ते वजा करा, १.१४६ उरतात. सुरुवातीला सांगितलेला १.१५ चा आकडा हाच. म्हणजे बोर्ड अगदी नेमून दिल्याप्रमाणे वागतोय.

मुद्दाम घसरू देण्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच ठरतात. प्रोसेसरचा लोड सरळ चढत-उतरत नाही. काही मायक्रोसेकंदांत तो दीडशे अँपिअरवरून वीसवर येतो. व्हीआरएममधल्या कॉइलमध्ये त्या क्षणी साठलेली ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती कपॅसिटरांत जाते आणि व्होल्टेज क्षणभर उसळतं. लोडखाली व्होल्टेज आधीच १.१५ वर उतरलेलं असेल, तर ही उसळी तिथून सुरू होते आणि भरलेल्या १.३० च्या आतच विरते. घसरण पुरती काढून टाकली असेल तर तीच उसळी १.३० पासून सुरू होते आणि वर जाते. किती वर, हे कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला दाखवणार नाही. एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर मुळात दर दोन सेकंदांनी एकदा वाचन घेतं. ही उसळी पकडायची तर ऑसिलोस्कोपच लागतो.

घरची वीज वेगळी, प्रोसेसरचं व्होल्टेज वेगळं

बहुतेक चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टपर्यंत कुठल्याही व्होल्टेजवर चालतात. घरात २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तरी ते बारा व्होल्टच देतात आणि व्हीकोअरला, म्हणजे प्रोसेसरला मिळणाऱ्या व्होल्टेजला, त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून व्हीकोअरच्या घसरणीवर स्टॅबिलायझर हा उपाय नव्हे. खात्री करायची असेल तर लोड चालू असताना बारा व्होल्टची लाइन मल्टिमीटरने तपासा. ११.४ ते १२.६ ही एटीएक्स या एसएमपीएसच्या मानकाने मान्य केलेली मर्यादा आहे. लोडखाली ती ११.४ च्या खाली जात असेल तर एसएमपीएस बदला, मगच पुढे या.

तरीही गोव्यात घरच्या विजेकडे लक्ष द्यावं लागतंच, ते वेगळ्या कारणांनी. एक म्हणजे अर्थिंग. आपल्याकडे कातळावर बांधलेली घरं खूप आहेत आणि जांभा उन्हाळ्यात कोरडा पडला की अर्थिंग कमजोर होतं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ओव्हरक्लॉकिंग राहू द्या, आधी वायरमनला बोलवा. दुसरं म्हणजे यूपीएस. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो, आणि जून ते सप्टेंबरमध्ये वीज कधी जाईल याचा नेम नाही. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंतच पुरतो, हेही ध्यानात असू द्या. बायोस अपडेटला तेवढा भरपूर झाला. पण ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर आणि जोडीला मोठं ग्राफिक्स कार्ड एकदम लोडवर असताना वीज गेली तर तो बीप करून बंद पडेल.

सुरू करण्याआधी

इंटेलमध्ये नावाशेवटी ‘के’ असलेला प्रोसेसर आणि झेड मालिकेचा चिपसेट लागतो. बी७६० सारख्या बोर्डावर गुणक (मल्टिप्लायर, ज्यावर प्रोसेसरचा वेग ठरतो) वाढवता येत नाही. एएमडीमध्ये बी आणि एक्स मालिकेचे बोर्ड चालतात, ए५२० किंवा ए६२० चालत नाहीत. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान दोन्ही कंपन्यांच्या वॉरंटीत बसत नाही.

इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचा प्रोसेसर असेल तर इथे थांबून नीट वाचा. या पिढ्यांतले बरेच प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून हळूहळू खराब होत होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये इंटेलने ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, ते बायोसबरोबर येतं) दिला, त्याने प्रोसेसरची मागणी १.५५ व्होल्टवर रोखली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. आधीच झालेली झीज या मायक्रोकोडने भरून निघत नाही, म्हणून इंटेलने या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या बोर्डावर त्यानंतरचा बायोस नसेल तर तो घालणं हीच पहिली पायरी. माझ्या मते या दोन पिढ्यांवर नवख्याने व्होल्टेज वाढवण्याच्या भानगडीत पडूच नये. व्होल्टेज कमी करून थंड चालवण्यातच तिथे फायदा आहे.

पहिली पायरी: काहीही न बदलता मोजणी

एचडब्ल्यूइन्फो उघडा, फक्त सेन्सर्सचा पर्याय निवडा आणि खाली सरकत जा. व्हीकोअर नावाची ओळ मदरबोर्डच्या भागात असते. ती सुपर आय-ओ चिपकडून येते, आणि ती चिप कुठल्या बिंदूवर मोजते हे बोर्डागणिक बदलतं. काही बोर्डांवर सॉकेटच्या मागे मोजलेला आकडा प्रत्यक्ष चिपपर्यंत पोचणाऱ्या व्होल्टेजपेक्षा जास्त दिसतो. व्हीआरएम कंट्रोलरचा स्वतंत्र भाग दिसत असेल तर तिथली ‘व्हीआर व्हीआउट’ ही ओळ जास्त भरवशाची. तिच्याच जवळ प्रवाहही दिसतो. व्हीआयडी नावाच्या ओळींना मात्र भुलू नका. ती प्रोसेसरची मागणी असते, प्रत्यक्ष मिळालेलं व्होल्टेज नव्हे.

मूळ सेटिंगवर सिनेबेंच आर२३ दहा मिनिटं चालवा. लोडखालचं व्होल्टेज, प्रवाह, सर्वांत जास्त तापमान आणि गुण कागदावर लिहून ठेवा. खोलीचं तापमानही लिहा, ते नंतर उपयोगी पडेल.

दुसरी पायरी: आपल्या बोर्डाचा उतार काढा

हा भाग लोक वगळतात, आणि मग आठवडाभर चाचपडत बसतात. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारं सेटिंग) तात्पुरतं बंद करा, म्हणजे हँग झाल्यास दोष रॅमचा की प्रोसेसरचा हा घोळ राहणार नाही. व्होल्टेज ‘फिक्स्ड’ किंवा ‘ओव्हरराइड’ मोडमध्ये घ्या. बाराव्या पिढीच्या आय५-१२६००के सारख्या प्रोसेसरला सुरुवातीला १.२५ पुष्कळ झाले. वेग अजून वाढवू नका.

आता हलका लोड द्या आणि प्रवाह-व्होल्टेजची जोडी टिपा. मग पूर्ण लोड द्या आणि पुन्हा टिपा. समजा हलक्या लोडला २० अँपिअरवर १.२२८ व्होल्ट मिळाले आणि पूर्ण लोडला १२० अँपिअरवर १.११८. व्होल्टेजमधला फरक ०.११०, प्रवाहातला १००. भागाकार १.१ मिलिओहम. हा तुमच्या बोर्डाचा सध्याचा उतार. एकदा हा हाती आला की ‘१.३० भरले तर लोडखाली किती उरतील’ हे आधीच कागदावर काढता येतं. दर वेळी अंदाजाने बायोसमध्ये जाणं वाचतं.

तिसरी पायरी: लोडलाइन कॅलिब्रेशन

बायोसमध्ये एलएलसी नावाने जे सेटिंग असतं ते हा उतार कमी करतं. इथला सगळ्यात मोठा खड्डा म्हणजे प्रत्येक कंपनीची मोजणी वेगळी. असूसच्या इंटेल बोर्डांवर आकडा जितका मोठा तितकी भरपाई जोरदार, आठ ही सर्वांत जोरदार. एमएसआय आणि एएसरॉकवर उलटं: तिथे एक हा सर्वांत जोरदार. गिगाबाइट आकड्यांऐवजी नावं देतं. लो, मीडियम, हाय, टर्बो, एक्स्ट्रीम अशी चढत जाणारी. दुसऱ्या कुणाच्या बोर्डावरचा आकडा बघून तो आपल्या बोर्डात भरला की नेमकी उलटी टोकाची पातळी लागू शकते. बहुतेक बायोसमध्ये त्या सेटिंगशेजारी उताराचा छोटा आलेख असतो, निवड करताना तो बघा.

पातळी मधली ठेवा. उतार अर्ध्यावर आणणारी पातळी मला रोजच्या वापराला योग्य वाटते. १.३० भरल्यावर लोडखाली १.२२ च्या आसपास उरतील, आणि लोड सुटल्यावरच्या उसळीला वर थोडी जागाही राहील.

फोंड्याला भाच्याच्या १२६००के वर हे बसवत होतो तेव्हा त्याने विचारलं, “मामा, लेव्हल आठच करूया ना, म्हणजे घसरणच संपली!” करून बघितलं. मे महिना, खोलीत ३१ अंश, सगळे मोठे कोअर ५.० गिगाहर्ट्झवर. लेव्हल चारवर लोडखाली १.२२ व्होल्ट आणि ८२ अंश. लेव्हल आठवर लोडखाली जवळपास १.३० आणि ९१ अंश. सिनेबेंचचे गुण तेच. वेग तोच असताना खर्च होणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, १.२२ चे १.३० झाले की सुमारे साडेतेरा टक्के, त्यात गळती मिळवली की आणखी थोडी. हे सगळं फक्त उष्णता म्हणून बाहेर पडत होतं. प्रोसेसरला ५.० साठी १.२२ पुरत होते, वरच्या ०.०८ चं त्याला काही कामच नव्हतं. भाच्याने तो पंखा ज्या आवाजात फिरताना ऐकला, त्यावरून त्याला माझ्या आकडेमोडीपेक्षा लवकर पटलं.

चौथी पायरी: वेग वाढवणं

एलएलसी एकदा ठरली की तिला हात लावू नका. तीही बदलत राहिलात आणि व्होल्टेजही, तर कशाने काय झालं ते कळणार नाही. गुणक एकाने वाढवा, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ. सिनेबेंच दहा मिनिटं. टिकलं तर पुन्हा एकाने. हँग झालं किंवा ब्लू स्क्रीन आली तर व्होल्टेज ०.०१ ने वाढवा आणि तोच वेग पुन्हा तपासा. एका टप्प्यावर १०० मेगाहर्ट्झसाठी ०.०४-०.०५ व्होल्ट लागायला लागतात. तिथून एक पायरी मागे या. त्यापुढचं सगळं तापमानाच्या रूपाने फेडावं लागतं आणि खेळ खेळताना त्यातून काहीही जाणवत नाही.

पाचवी पायरी: कशावर पडतंय ते ओळखणं

सिनेबेंच टिकलं म्हणजे झालं असं नव्हे. ओसीसीटी किंवा प्राइम९५ यासारखी जड चाचणी एक तासभर तरी चालवा. प्राइम९५ चे ‘स्मॉल एफएफटी’ हा प्रकार एव्हीएक्ससह (प्रोसेसरच्या जड गणिती सूचनांसह) चालवला तर प्रवाह सिनेबेंचपेक्षा बराच जास्त ओढला जातो, त्यामुळे व्हीकोअर आणखी खाली जाईल आणि तापमान आणखी वर. तापमान ९५ च्या वर जायला लागलं तर चाचणी थांबवा.

पडण्याची, म्हणजे हँग होण्याची किंवा ब्लू स्क्रीन येण्याची, वेळ बरंच काही सांगते. सतत लोड चालू असताना वीस मिनिटांनी पडत असेल तर लोडखालचं व्होल्टेज कमी आहे. भरलेलं व्होल्टेज ०.०१ ने वाढवा. लोड सुरू होतानाच किंवा संपतानाच पडत असेल तर तो अचानक येणाऱ्या बदलाचा त्रास आहे, आणि तिथे बहुतेक लोक एलएलसी आणखी जोरदार करून दुखणं वाढवतात. उलट करून बघा: एलएलसी एक पातळी सौम्य करा आणि लोडखाली उरणारं व्होल्टेज तेच राहील एवढं भरलेलं व्होल्टेज वाढवा. काहीच चालू नसताना, नुसतं ब्राउझर उघडं असताना पडत असेल तर ऑफसेट (मागणीच्या व्होल्टेजमध्ये करायची ठरावीक वाढ-घट) उणे दिलाय का ते तपासा, आणि एक्सएमपी परत चालू केलं असेल तर रॅमही.

चाचणी पास झाली तरी विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून डब्ल्यूएचईए-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुकांची, नोंद शोधा. १९ क्रमांकाची नोंद म्हणजे चूक झाली पण हार्डवेअरने ती सावरली. संगणक चालत राहतो, म्हणून कुणी बघत नाही. अशा नोंदी येत असतील तर तो वेग तुमचा नव्हे. व्होल्टेज वाढवा किंवा १०० मेगाहर्ट्झ खाली या.

सहावी पायरी: रोजच्या वापरासाठी

सगळं जमल्यावर फिक्स्ड मोड सोडून ‘अ‍ॅडॅप्टिव्ह’ वर या, म्हणजे काम नसताना व्होल्टेज आणि वीज दोन्ही उतरतात. इथे एसी लोडलाइन नावाचं आणखी एक सेटिंग भेटेल. लोडखाली घसरण होणार हे धरून प्रोसेसरने किती जास्त व्होल्टेज मागावं ते त्यावर ठरतं. एलएलसी जोरदार आणि एसी लोडलाइनही मोठी असेल तर भरपाई दोनदा होते आणि व्होल्टेज तुमच्या हिशेबापेक्षा वर जातं. अ‍ॅडॅप्टिव्हवर आल्यानंतर पहिल्या पायरीतली मोजणी पुन्हा करा. लोडखालचा आकडा पूर्वीचाच यायला हवा. डीसी लोडलाइनने प्रत्यक्ष व्होल्टेज बदलत नाही, फक्त दाखवलेले व्हीआयडी आणि वॉटचे आकडे बदलतात.

रायझन असेल तर

रायझनवर सगळे कोअर एका वेगाला बांधून फिक्स्ड व्होल्टेज देणं मला पटत नाही. एकट्या कोअरला मिळणारा वरचा बूस्ट त्यात जातो आणि खेळांमध्ये तोच कामाचा असतो. पीबीओ (एएमडीची बूस्ट आपोआप वाढवणारी सोय) चालू करा, एलएलसी ऑटोवर सोडा आणि कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (तिथे उणे आकडा दिला की त्याच वेगाला कमी व्होल्टेज मिळतं) सगळ्या कोअरना उणे १० देऊन सुरुवात करा. इथे बहुतेक वेळा पूर्ण लोडवर काही होत नाही, हलक्या कामात एखादा कोअर पडतो. म्हणून एकेक कोअर तपासणारी चाचणी रात्रभर लावा. रायझन ७००० मालिकेतले बरेच प्रोसेसर पूर्ण लोडवर ९५ अंशांपर्यंत जातात, ते तसेच बनवलेले आहेत. त्या आकड्याला घाबरून कूलर बदलायला धावू नका.

आपल्या हवेचं काय

सेटिंग मे महिन्यात पक्कं करा. डिसेंबरात पहाटे खोलीत २३ अंश असताना जे टिकतं ते मेच्या दुपारी ३२ मध्ये टिकेलच असं नाही. खोली नऊ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तितकाच तापतो, आणि तापलेल्या प्रोसेसरला त्याच वेगासाठी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. हिवाळ्यात बसवत असाल तर खोलीतला पंखा बंद ठेवून शेवटची चाचणी घ्या आणि लोडखाली ०.०१५-०.०२ व्होल्ट जास्तीचे ठेवा.

दमटपणाची भीती साध्या हवेच्या किंवा पाण्याच्या कूलरला नाही, कारण चालू यंत्रातलं काहीही खोलीपेक्षा थंड नसतं. बर्फ किंवा पेल्टिएर (विजेवर थंड होणारी पट्टी) वापरून खोलीपेक्षा थंड करायचा विचार मात्र इथे करू नका. जुलैत किनारपट्टीवर दवबिंदू २४-२५ अंशांच्या घरात असतो, त्याहून थंड झालेल्या कुठल्याही भागावर पाणी जमतं. एसी चालणाऱ्या खोलीत संगणक रात्रभर बंद राहिला आणि सकाळी खिडकी उघडली, तर थंड पत्र्यावर ओलावा धरतो. अर्धा तास थांबून चालू करा. कळंगुट, मिरामार किंवा बायणासारख्या समुद्रालगतच्या भागात राहत असाल तर चवथीच्या साफसफाईबरोबर आठ पिनांचा तो कनेक्टरही काढून बघा. पिनांवर काळपट किंवा हिरवट थर आला असेल तर तिथला रोध वाढतो आणि कनेक्टर गरम होतो. प्रोसेसर ओव्हरक्लॉक केला की सगळा वाढीव प्रवाह तिथूनच जातो. व्हीआरएमच्या हीटसिंकवरची धूळही त्याच वेळी ब्रशने काढा.

शेवटी बायोसमधलं सेटिंग प्रोफाइल म्हणून साठवा आणि प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण बायोस अपडेट केल्यावर साठवलेली प्रोफाइल बहुतेक वेळा पुसली जातात. कधी काही चुकून स्क्रीनच आली नाही तर एसएमपीएसचा स्विच बंद करा, मदरबोर्डवरच्या क्लिअर सीएमओएसच्या दोन पिना काही सेकंद जोडा किंवा गोल बॅटरी काढून पाच मिनिटांनी परत बसवा. बोर्ड मूळ सेटिंगवर येईल, आणि पुन्हा सुरुवात कुठून करायची ते तुमच्या कागदावर लिहिलेलं असेलच.